पाटीवरचे वॅट आणि पानावरचा उजेड



घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत चार फूट बाय चार फुटांचा, आतून चंदेरी अस्तर लावलेला तंबू उभा करायचा, वर एलईडीचा दिवा टांगायचा आणि ऊन, पाऊस, गारपीट यांची पर्वा न करता आत भाजी पिकवायची, हा प्रकार आता केवळ शहरातल्या हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. मोबाइलवरच्या चित्रफितींतून आणि कृषी प्रदर्शनांतल्या दुकानांतून तो आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. शिकून घरी आलेली मुले विचारतात, "साहेब, कोणता दिवा घेऊ?" बचत गटातल्या भगिनी विचारतात, "भाऊ, हे आम्हाला जमेल का?" प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्यापाठीमागे कुणाचे सोसायटीचे कर्ज असते, कुणाच्या गटाची वर्षभराची शिल्लक असते, तर कुणाच्या आईने काढून दिलेले दागिने असतात. म्हणून आज या दिव्याचीच नीट ओळख करून घेऊ.

हे तंबू मुळात आले ते थंड मुलखातून. हॉलंडमध्ये डिसेंबर महिन्यात दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, आणि जो असतो तोही ढगाळ. कॅनडात तर बाहेर बर्फ साचलेले असते. तिथे दिव्याशिवाय हिरवे पान दिसणे कठीण. आपल्यापैकी कुणाची लेक तिकडे नांदत असेल आणि तिला जानेवारीत घरची मेथी खायची असेल, तर तंबू आणि दिवा हाच तिचा मार्ग. आपल्याकडे मात्र सूर्य दारात उभा आहे, आणि त्याचे बिल येत नाही. ही गोष्ट मनाशी ठेवूनच पुढचे वाचा.

मोटारीची पाटी आणि पाइपातले पाणी

विहिरीवर मोटार बसवताना आपण काय पाहतो? पाटीवर पाच अश्वशक्ती लिहिले म्हणून आपले समाधान होत नाही. आपण पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाणी किती पडते ते पाहतो. त्याच पाच अश्वशक्तीच्या दोन मोटारींत एक चांगले पाणी देते आणि दुसरी नुसती वीज खाते. आणि पाइपातून भरपूर पाणी पडले, तरी वाटेत पाट फुटला असेल तर पिकाच्या मुळाशी काय पोहोचले हा प्रश्न उरतोच.

दिव्याचेही अगदी असेच आहे. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते वॅट सांगत नाही. त्यातही, पिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त दिव्यांवर 'हजार वॅट' असे ठळक छापलेले असते आणि मीटरला लावून पाहिले तर तो शंभर-सव्वाशे वॅटच घेतो. विक्रेत्याला विचारले तर तो सांगतो, "जुन्या दिव्याच्या हजार वॅटइतका उजेड देतो." हे बोलणे म्हणजे बैलाच्या शिंगांवरून त्याचे दात मोजण्यासारखे आहे. तेव्हा पहिली खूणगाठ बांधा : दिवा वॅटवर घ्यायचा नाही, पानावर पडणाऱ्या उजेडावर घ्यायचा.

झाडाचा उजेड कसा मोजतात

आपला डोळा ज्या मापाने उजेड पाहतो ते माप लुमेन आणि लक्स. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त भासतो, तांबडा आणि निळा कमी भासतो. झाडाचे तसे नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा प्रकाश ते अन्न तयार करायला वापरते. प्रकाश हा बारीक कणांच्या सरींसारखा पडतो आणि पानाच्या दृष्टीने महत्त्व असते ते किती कण पडले याला. हे कण अगणित असल्यामुळे ते मायक्रोमोल या मापाने मोजतात.

हे अवघड वाटत असेल तर पाऊस डोळ्यांसमोर आणा. पावसाच्या दोन गोष्टी आपण बोलतो : जोर किती होता आणि दिवसभरात एकूण किती पडला. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात, हा उजेडाचा जोर. दिवसभरात एकूण किती मोल पडले, हा दिवसाचा उजेड. भर दुपारी निरभ्र आकाशात सूर्याचा जोर सुमारे दोन हजार मायक्रोमोल असतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी आपल्या शिवारात दिवसाकाठी तीस मोलांच्या वर उजेड पडतो.

आता पिकाची भूक पाहा. ट्रेमध्ये दाट पेरून आठ-दहा दिवसांत कापायची कोवळी रोपे, ज्यांना बाजारात मायक्रोग्रीन म्हणतात, ती दिवसाला सहा ते बारा मोलांत भागतात. भाजीपाल्याच्या रोपांना दहा ते पंधरा मोल चांगले मानवतात. लेट्यूससारख्या पानभाजीला बारा ते सतरा लागतात. टोमॅटोसारख्या फळभाजीला मात्र वीस ते तीस मोल पाहिजेत. म्हणजे 'कोणता दिवा घेऊ' या प्रश्नाच्या आधी 'काय पिकवणार' हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर ठरल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नका.

जांभळा दिवा आणि पांढरा दिवा

पुष्कळांची समजूत अशी आहे की झाडाला फक्त तांबडा आणि निळा प्रकाश लागतो, म्हणून जांभळा दिसणारा दिवाच खरा शेतीचा दिवा. ही समजूत आली कुठून? पानातले हिरवे द्रव्य वेगळे काढून, काचेच्या नळीत घालून त्याने कोणता रंग शोषला हे पाहिले, तर तांबडा आणि निळा हेच रंग पुढे येतात. पण झाडाचे पान म्हणजे काचेची नळी नव्हे. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली बावीस जातींच्या वनस्पतींच्या जिवंत पानांवर मोजमाप करून प्रसिद्ध केले, तेव्हा दिसून आले की हिरवा प्रकाशही पान चांगला वापरते. वरच्या थरात न अडकलेला हिरवा प्रकाश पानाच्या आतल्या थरांपर्यंत जातो आणि तिथे कामी येतो.

पांढऱ्या एलईडीची जन्मकथाही जाणून घेण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार झाला. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या दिव्यावर पिवळसर लेप चढवला की पांढरा उजेड मिळतो. घरोघरच्या बल्बसाठी हा माल प्रचंड प्रमाणात तयार होऊ लागला, सुधारला आणि स्वस्तही झाला. त्यामुळे आज चांगल्या प्रतीचा पांढरा दिवा, त्यात थोडे गडद तांबडे एलईडी मिसळलेले, हा लहान तंबूसाठी सर्वांत समंजस पर्याय आहे.

पांढऱ्या दिव्याचा दुसरा फायदा शेतकऱ्याच्या डोळ्यांचा आहे. जांभळ्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते. पान पिवळे पडू लागले, कोळीची जाळी धरली, करप्याचा ठिपका उमटला, तरी वेळेवर ध्यानात येत नाही. पांढऱ्या उजेडात पीक जसे आहे तसे दिसते. ज्याला रोज पिकावरून नजर फिरवायची सवय आहे त्याला याचे मोल सांगायला नको.

चार बाय चारच्या तंबूचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. चार फूट बाय चार फूट म्हणजे साधारण १.२ मीटर बाय १.२ मीटर, म्हणजे १.४४ चौरस मीटर. समजा रोपे किंवा लेट्यूस करायचे आहे आणि दिवा सोळा तास लावायचा आहे. उजेडाचा जोर २०० मायक्रोमोल ठेवला तर सोळा तासांत सुमारे साडेअकरा मोल उजेड पडतो. रोपांना तो पुरतो, लेट्यूसला बेताचा.

२०० ला १.४४ ने गुणले की २८८ येतात. एवढे मायक्रोमोल दर सेकंदाला पानांवर पडले पाहिजेत. दिव्यातून निघालेला सगळाच उजेड पानावर पडत नाही. तंबूचे अस्तर चांगले असेल तर शंभरातले ऐंशी पोहोचतात असे धरा. म्हणजे दिव्यातून ३६० निघायला हवेत.

आता दिव्याची खरी परीक्षा. एका ज्यूल विजेतून, म्हणजे एक वॅट एक सेकंद चालवून, दिवा किती मायक्रोमोल देतो? आज चांगले दिवे अडीच ते तीन देतात. जुन्या धाटणीचे स्वस्त जांभळे दिवे दीडच्या आसपास किंवा त्याहून कमी देतात. अडीचचा दिवा घेतला तर ३६० साठी १४४ वॅट पुरतात. दीडचा घेतला तर २४० वॅट लागतात. उजेड तोच, वीज मात्र दीडपटीहून जास्त. दुकानात वाचलेले पैसे असे दर महिन्याच्या बिलात निघून जातात.

विक्रेत्याला म्हणूनच सरळ विचारा : "दर सेकंदाला एकूण मायक्रोमोल किती? प्रत्यक्ष वॅट किती? प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आहे का?" पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की वरची परीक्षा आपोआप होते. जो विक्रेता हे आकडे न सांगता फक्त 'हजार वॅटचा उजेड' म्हणत राहतो, त्याला रामराम करून पुढे चला.

घरच्या घरी दोन तपासण्या

पहिली तपासणी वॅटची. घरातल्या वीज मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातले बाकी सगळे बंद करा, फक्त नवा दिवा लावा आणि घड्याळ लावून सहा मिनिटांत किती वेळा लुकलुकले ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर शंभर वॅटच्या दिव्याला सहा मिनिटांत बत्तीस वेळा लुकलुकले पाहिजे. बत्तीसच आले आणि खोक्यावर हजार वॅट लिहिले असेल, तर काय ते समजा. मीटरवर दुसरा आकडा असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा.

दुसरी तपासणी उजेडाची. मोबाइलमध्ये लक्स मोजणारे अॅप मिळते. मोबाइल पानाच्या उंचीवर, पडदा वर करून ठेवा. पांढऱ्या एलईडीखाली जे लक्स येतील त्यांना साधारण ७० ने भागा, म्हणजे मायक्रोमोलचा अंदाज मिळेल. १४,००० लक्स आले तर जोर सुमारे २०० आहे. उन्हात मोजायचे असेल तर ५४ ने भागायचे. जांभळ्या दिव्याखाली मात्र हा हिशेब लावू नका, तिथे लक्सचा आकडा फसवतो. मोबाइलचे माप काटेकोर नसते, पण मध्यावर किती आणि कोपऱ्यात किती याची तुलना करायला ते पुरेसे आहे.

ही तुलना जरूर करा. तंबूत तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ जागी मोजा. मध्यावर ३०० आणि कोपऱ्यात १२० आले, तर मधली रोपे ठेंगणी-जाड आणि कडेची लांबुडकी होणार. रोपे उंचीला एकसारखी नसली की गिऱ्हाईक ती घेत नाही. यासाठी मध्ये एकच ठोकळ्यासारखा दिवा टांगण्यापेक्षा चार-सहा पट्ट्या पसरलेला दिवा चांगला, किंवा एका मोठ्याऐवजी दोन लहान. दिवा वर नेला की उजेड पसरतो पण जोर कमी होतो, खाली आणला की जोर वाढतो पण कडा उपाशी राहतात. म्हणून उंची कमी-जास्त करता येईल अशी दोरी-कप्पी आणि उजेड मंद करण्याचे बटण असलेला दिवा पाहा.

ऊब, वीज आणि जिवाची काळजी

दिवा एलईडीचा असला तरी त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता निघते. १४४ वॅटचा दिवा म्हणजे त्या बंद तंबूत दिवसाचे सोळा तास दीड माणूस कोंबून बसवल्यासारखे आहे. पौष-माघात ही ऊब रोपांना सुखाची वाटेल, पण वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत लेट्यूस त्यात टिकणार नाही. तिशीच्या पुढे पारा गेला की ते कडवट होते आणि दांडे काढते. म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा हा दिव्याइतकाच जरुरीचा. दिव्याच्या आधी तापमापी आणून खोलीचा पारा आठवडाभर लिहून काढा. उन्हाळ्यात दिवा रात्री लावून दिवसा बंद ठेवला तर ताप थोडा कमी होतो. मात्र चोवीस तास दिवा जळता ठेवू नका. टोमॅटोची पाने तर अखंड उजेडात पिवळी पडतात.

तंबूत पाणी असते, दमट हवा असते आणि हात ओले असतात. तिथे विजेशी खेळ नको. तीन पिनांची जोडणी, पक्की अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी यंत्र, या तिन्हींशिवाय दिवा सुरू करू नका. दिव्याला वीज पुरवणारा डबा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो शक्यतो तंबूबाहेर टांगा. एलईडीपेक्षा आधी बिघडतो तो हाच, आणि उष्णतेने लवकर बिघडतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, आपल्या भागातल्या कमी-जास्त दाबाला तो टिकेल का आणि सुटा बदलून मिळतो का, हे विचारा. 'पन्नास हजार तास आयुष्य' याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की तोवर उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईल. हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठे, हे बिलावर लिहून घ्या.

वेळ लावायचे चक्रीचे टायमर स्वस्त असतात, पण वीज गेली की तेही थांबतात आणि तेवढे मागे पडतात. भारनियमनाच्या गावात आत बॅटरी असलेला टायमर घ्या.

आणखी एक. शेतीपंपाच्या जोडणीवरून हा दिवा चालवू नका. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार, ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याखेरीज दुसऱ्या कामाचा वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या जोडणीवर विक्रीसाठी उत्पादन करायचे असेल तरी वीज कार्यालयात आधी विचारून घ्या.

आता खरा हिशेब

१४४ वॅटचा दिवा सोळा तास म्हणजे रोज २.३ युनिट. तीस वॅटचा पंखा दिवसरात्र म्हणजे ०.७ युनिट. मिळून दिवसाला तीन युनिट. घरगुती बिलात जसजसा वापर वाढतो तसतसा वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणजे ही जादा युनिटे तुमच्या सर्वांत महाग टप्प्यात जाणार. युनिटला दहा रुपये धरू. तुम्ही आपल्या बिलावरचा आकडा घाला.

लेट्यूस : तंबूत वीस सेंटिमीटरवर छत्तीस रोपे बसतील. दीडशे ग्रॅमचा गड्डा धरला तर ५.४ किलो. लावणीनंतर पस्तीस दिवस धरले तर १०५ युनिट, म्हणजे १,०५० रुपये. किलोला नुसती वीज १९० रुपयांच्या वर. बी, खते, कोकोपीट, मजुरी आणि दिव्याची किंमत वेगळी.

टोमॅटो : पंचवीस मोल द्यायचे तर तीनशेहून जास्त वॅट लागतात. शंभर दिवसांत फक्त दिव्याचे पाचशे युनिट, पाच हजार रुपये. तंबूत सहा झाडे बसवली आणि प्रत्येकाने पाच किलो दिले तरी तीस किलो माल. किलोमागे दीडशेच्या वर वीज. बाजारात टोमॅटोचे काय होते ते मी तुम्हाला सांगावे असे नाही.

रोपे : ९८ कप्प्यांचे आठ ट्रे म्हणजे ७८४ रोपे. पंचवीस दिवसांना ७५ युनिट, साडेसातशे रुपये. रोपामागे सुमारे एक रुपया वीज. साध्या टोमॅटोच्या रोपाला हे परवडणार नाही, कारण शेडनेटमध्ये तेच रोप सूर्य फुकटात वाढवतो. पण ज्याचे बी नगावर मोजून मिळते अशा महागड्या वाणाच्या, किंवा कलम केलेल्या रोपांना संततधारेच्या दिवसांत वाचवायचे असेल, तर रुपया जड नाही.

मायक्रोग्रीन : इथे तर तंबूही नको आणि खास दिवाही नको. चार फूट लांब, दीड फूट रुंद फळीवर वीस वॅटच्या साध्या पांढऱ्या तीन एलईडी नळ्या लावल्या आणि मागची भिंत चुन्याने पांढरी केली, की सुमारे १२५ मायक्रोमोल मिळतात. सोळा तासांत सात मोल, या कोवळ्या रोपांना पुरेसे. वीज दिवसाला एक युनिट. शिवाय पेरल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस ट्रे झाकूनच ठेवायचे असतात, तेव्हा दिवा लागतच नाही. जवळ शहर असेल, हॉटेल किंवा नेहमीचे गिऱ्हाईक असेल, तर बचत गटाने सुरुवात करायची ती इथून.

जिथे दिवा लागत नाही तिथे

काही ठिकाणी दिवा विनाकारण गळ्यात मारला जातो. धिंगरी अळिंबी ही हिरवी वनस्पती नाही, ती उजेडातून अन्न बनवत नाही. तिला खेळती हवा आणि खोलीतला साधा उजेड पुरतो. बंद खोलीतल्या केशराचेही तसेच. त्याचे फूल कंदात साठलेल्या अन्नावर येते, त्या वेळी फारसा उजेड लागत नाही. पुढे पाने फुटून नवे कंद पोसले जातात तेव्हा मात्र थंड हवा आणि भरपूर उजेड हवा, आणि खरा खर्च तिथेच असतो. फुलांचे फोटो दाखवणारा हे सांगत नाही.

शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात, ड्रॅगन फ्रूटच्या बागेतही लावतात. ते पाहून 'एवढ्याशा बल्बवर बाग वाढते, मग तंबू का नाही?' असे कुणी म्हणते. तो उजेड झाडाला अन्न देत नाही, वेळ सांगतो. रात्र लहान आहे असे झाडाला भासवले की शेवंती फुलायची थांबून वाढत राहते आणि ड्रॅगन फ्रूटला अवेळी कळ्या येतात. त्याला अगदी मंद उजेड पुरतो. अन्न दिवसा सूर्यच देतो. वेळ सांगणारा दिवा आणि जेवू घालणारा दिवा यांत घोटाळा करू नका.

काय करावे

तंबूचा विचार मनात असेल तर क्रम असा ठेवा. आधी गिऱ्हाईक पाहा : कोण, किती, कोणत्या भावाने घेणार. मग पीक ठरवा. मग खोलीचा पारा लिहा. मग एक फळी आणि तीन साध्या नळ्या लावून तीन महिने करून पाहा, आणि विजेचे युनिट, बी आणि विक्री वहीत टिपून ठेवा. ही वही नफा दाखवू लागली, तर वर सांगितलेले आकडे विचारून चांगला दिवा घ्या. वही तोटा दाखवू लागली, तर फळी भांडी ठेवायला आणि नळ्या गोठ्यात उजेडाला उपयोगी पडतील. नुकसान तेवढ्यावरच थांबेल.

आणि घरातली मुलगी किंवा मुलगा हट्टच धरून बसला असेल, तर त्याला रागावू नका. हा लेख त्याच्या हातात द्या, मीटरसमोर उभे करा आणि सहा मिनिटे लुकलुकणे मोजायला सांगा. जो पोर आपल्या हाताने मोजायला शिकला, त्याला दुकानदार सहजासहजी फसवू शकणार नाही, मग माल दिव्याचा असो, बियाण्याचा असो की औषधाचा.